अर्धी पुसलेली काच

गाडी थांबली तेव्हा मालकिणीचा हात पिशवीत होता. ती पाण्याची बाटली चाचपडत होती आणि बोटांना लागलं ते भलतंच. गार, ओलसर, चिकट. तिने हात बाहेर काढला नाही, पिशवीत डोकावलीही नाही. काच पुसायचं फडकं. जिना उतरताना शेवटची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. समोर मैदान पसरलं होतं, पिवळं, दगडाळ, झाडाचं नाव नाही, आणि त्यात पहिल्या मोठ्या वळणावर, जिथे वाट उन्हाकडे तोंड करते, तिथे तिच्या मुलाची गाडी उभी होती. गाडीत कुणी नव्हतं. कुणी असायचंच नव्हतं. सरकारने भरवलेली स्पर्धाच तशी होती. गाडीने आपली आपण जायचं, खड्डे चुकवायचे, दगड चुकवायचे, पलीकडच्या टेकडीला वळसा घालून परत यायचं, आणि निशाण एकदा खाली पडलं की ज्यांनी तिला जन्म दिला त्यांनीसुद्धा दोरीच्या अलीकडे हात बांधून उभं राहायचं. मागून एक सरकारी जीप तेवढी जात होती. तिच्यात एक साहेब मांडीवर लाल बटण घेऊन बसला होता. गाडी कुणाच्या अंगावर जायला लागली तर त्याने ते दाबायचं. आत्ता त्याला दाबायचं काही कारण नव्हतं. गाडी कुणाच्याच अंगावर जात नव्हती. ती कुठेच जात नव्हती.

"थांबली वाटतं तुमची," शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली. तिच्या जावयाची गाडी सकाळीच तारेच्या कुंपणात जाऊन अडकली होती, तेव्हापासून ती इतरांच्या गाड्यांकडे फार आपुलकीने बघत होती.

"विचार करते आहे," मालकीण म्हणाली. "आमच्याकडे विचार करून पुढे जायची पद्धत आहे. तुमच्या जावयाची कशी, विचार न करताच घुसली."

बाईने तोंड फिरवलं. एरवी अशा उत्तराने मालकिणीला बरं वाटलं असतं, पाणी प्यायल्यासारखं. आज घसा कोरडाच राहिला. सगळे तिला मालकीण म्हणत. नवरा म्हणायचा तो थट्टेने, ट्रकच्या आवारातल्या लोकांनी उचललं ते धाकाने, आणि नवरा गेल्यावर त्याचे ट्रक तिने एकटीने सांभाळले, ड्रायव्हरांना शिव्या घालत, मालवाल्यांशी भांडत, तेव्हा ते खरंच झालं. शाळेत ती जेमतेम गेली होती. पाट्या वाचायची त्या अक्षर लावून लावून. पण गाडीच्या नुसत्या आवाजावरून, कोण चालवतो आहे आणि त्याचं घरी कुणाशी बिनसलं आहे, हे ती फाटकाशी उभी राहून सांगायची. या गाडीच्या आवाजावरून मात्र तिला कधी काही कळलं नव्हतं. मुलाने आणि सुनेने ती तिच्याच आवारात बांधली होती, बापाच्या जुन्या टेम्पोवर, आणि पहिल्यांदा ती रिकाम्या सीटवरून आपली आपण फाटकापर्यंत आली तेव्हा मालकीण म्हणाली होती, "अगोबाई, बिनडोकी!" तेच नाव पडलं. मुलाने कागदोपत्री दुसरं काहीतरी जडजंबाल ठेवलं होतं, पण पाना, म्हणजे आवारातला जुना मिस्तरी, ज्याच्या हातून पाना झोपेतही सुटत नाही, तो बिनडोकीच म्हणायचा, आणि पुढे मुलगाही.

आता बिनडोकी वळणावर उभी होती आणि फडकं पिशवीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मालकिणीने स्वतःला सांगून बघितलं. सांगणं बरं जमलं. मानणं जमेना. सकाळी सगळ्या चमूंना सूचना ऐकायला तंबूत बोलावलं होतं. मुलगा गेला, पाना दुसऱ्यांची इंजिनं बघायला पसार झाला, आणि सून जाता जाता म्हणाली, "आई, तपासणी झाली आहे गाडीची. तुम्ही जरा इथे थांबता का? कुणाला हात लावू देऊ नका." आणि मालकीण थांबली होती. अशी थांबली होती की त्या बाजूला फिरकायची कुणाची छाती झाली नाही. एक फोटोवाला बोनेटवर कोपर टेकवायला गेला, त्याला तिने विचारलं, तुझ्या बापाची आहे का. एक सरकारी माणूस आकड्याचा कागद चिकटवायला आला, त्यालाही तिने ओळखपत्र दाखवायला लावलं. कुणाला म्हणजे कुणालाच तिने हात लावू दिला नाही. आणि मग वारा सुटला, मैदानावरची बारीक माती उडाली, आणि गाडीच्या काचेवर साय धरल्यासारखी धूळ बसली. ती धूळ तिने बघितली मात्र, तिचा हात पिशवीत गेला. त्यात विचार नव्हता. खोकला आला की तोंडाशी हात जातो तसा तो गेला. तिने पुढची काच पुसली. मग पायरीवर चढून, दाराला धरून, टपावरच्या कॅमेऱ्याच्या पेटीची काच पुसली, जिला घरात सगळे डोळा म्हणत. कुणाला हात लावू देऊ नका. पण ती म्हणजे कुणी का होती? ती घरची होती. ते आवार, ते पत्रे, हा टेम्पो, ते पोर, सगळं तिचं होतं. कुणाला या शब्दात आपण बसतो हे तिच्या जन्मात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा गेला तो अशाच एका वळणावर. पुलाच्या तोंडाशी वाट वळत होती, समोर उतरतं ऊन होतं, आणि काचेवर कित्येक दिवसांची धूळ. निघताना ती म्हणाली होती, थांबा, काच पुसते. तो म्हणाला होता, वाटेत पुसेन, तू पोराकडे बघ. त्याने वाटेत पुसली नाही. तो असाच होता, सगळं वाटेत करायचा, जेवायचा वाटेत, झोपायचा वाटेत, भांडणसुद्धा घरी अर्धं सोडून उरलेलं म्हणे वाटेत मनातल्या मनात पुरं करायचा, आणि परत आला की हसत यायचा, कारण त्याच्या बाजूने ते मिटलेलं असायचं. शेवटचं भांडण त्याने कसं मिटवलं ते तिला कळलं नाही. ट्रक वर काढला तेव्हा तिने तो जाऊन बघितला होता. सगळे नको म्हणत होते. चेंदामेंदा झालेल्या त्या सांगाड्यात पुढच्या काचेचा एक तुकडा चौकटीला धरून राहिला होता, तळहाताएवढा, आणि तोही धुळीने भरलेला. तो तिने बोटाने पुसला होता. का पुसला ते आजतागायत तिला सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून तिच्या हाताशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर गेली नाही. आधी डिझेलचं फडकं, मग कोरडा कागद. फडक्याने धूळ उचलायची आणि कागदाने तेल. ड्रायव्हर वैतागायचे, उशीर होतो म्हणायचे. होऊ दे, म्हणायची. त्या काचांनी पुन्हा कधी दगा दिला नव्हता. आवारातल्या माणसांनी दिला, इंजिनांनी दिला, पोटच्या पोराने ट्रकचा धंदा सोडून हा खेळ मांडून दिला, पण काचांनी कधी नाही.

कागद आज नव्हता. म्हणजे होता, जेवणाच्या डब्यांभोवती गुंडाळलेला, आणि तो काढायला ती पायरीवरून उतरलीसुद्धा होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. पिवळ्या जाकिटातली माणसं आली, बाजूला व्हा बाई, बाजूला व्हा, मुलगा पळत आला, सून पळत आली, गाडी सुरू झाली, आणि मालकिणीला कुणीतरी कोपराला धरून दोरीच्या मागे नेऊन बसवलं, जशी एखाद्या समारंभात म्हातारी माणसं नेऊन बसवतात, आणि ती बसली. कागद राहिला. धूळ गेली होती, तेल राहिलं होतं. अर्धं काम. आयुष्यभर तिने ज्यांना ज्यांना म्हणून झोडपलं ते अर्ध्या कामावरून. बोल्ट अर्धा आवळणारा, हिशोब अर्धा सांगणारा, भांडं अर्धं घासणारी. आणि याचंही तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. अर्ध्या पुसलेल्या काचेतूनही माणूस बघतो. मान वाकडी करतो, डोळे बारीक करतो, अगदीच दिसेनासं झालं तर खिडकीतून डोकं बाहेर काढतो आणि नशिबाला शिव्या देत पुढे जातो. नवऱ्याच्या शेजारी बसून केलेले सगळे प्रवास तिला त्या मानेच्या हालचालीत आठवत. उन्हाकडे वळलं की त्याची मान आपोआप डावीकडे कलायची, तिच्याकडे, आणि तिला दरवेळी वाटायचं की आता हा काहीतरी बोलणार. तो बोलायचा नाही. तो नुसता ऊन चुकवत असायचा. बिनडोकीला मान नव्हती. सरळ रस्ता होता, ऊन पाठीशी होतं, तोवर ती काय ऐटीत गेली होती, दगडांना बगल देत, खड्ड्यापाशी हळू होत, आणि मालकिणीची छाती फुलून आली होती, शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं ती म्हणालीही होती, बघा हो, कशी लाजत लाजत जाते. मग वाट वळली, ऊन समोर आलं, आणि गाडीने हातपाय गाळले. त्या पेटीतल्या डोळ्यासमोर आता काय असेल? तिने डोळे अर्धवट मिटून बघितलं. पापण्यांच्या फटीतून ऊन आत आलं आणि सगळं मैदान पांढरं झालं. भिंत. अशी भिंत समोर आली तर तीसुद्धा थांबली असती. शहाणी गाडी. थांबली म्हणून शहाणी. नवरा थांबला नव्हता.

दोरीपाशी मुलगा उभा होता. त्याची पाठ तिला दिसत होती, शर्ट खांद्यांमध्ये ओला. लहानपणी तो भोवरा फिरवायचा तेव्हा असाच उभा राहायचा, भोवरा डगमगायला लागला की स्वतः वाकडा व्हायचा, जणू अंगाच्या झोकाने तो सरळ होईल. आताही तो उजवीकडे झुकला होता. चल ना, चल ना, एवढंच त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला तिला अक्षर लावावं लागलं नाही. त्याच्यापासून हातभर लांब सून उभी होती, आणि ते हातभर अंतर आजचं नव्हतं. गाडीचं धूड त्याचं होतं, डोळा तिचा. डोळ्याला काय दिसतं, दिसलेल्याचं काय समजायचं, दगड कुठला आणि दगडाची सावली कुठली, हे सगळं सुनेने शिकवलं होतं. गेल्या वर्षी गाडीने एका सावलीला खड्डा समजून माघार घेतली होती, आणि घरी जेवायला बसल्यावर मुलगा म्हणाला होता की पुन्हा डोळा चुकला तर ते काम तो दुसऱ्याला देईल. सून काही बोलली नव्हती. मालकीण बोलली होती. ती म्हणाली होती, "देच. जिला फडताळातलं मीठ सापडत नाही ती गाडीला वाट कुठली दाखवणार!" पाना हसला होता, मुलगा हसला होता. सुनेने मीठ आणून ठेवलं होतं. खरं तर मालकिणीला ही सून आवडत नव्हती असं नव्हतं. ती रडत नसे, हे तिला आवडे. उलट उत्तर देत नसे, हे मात्र डोक्यात जाई. दगडी पाट्यावर सुरी घासल्यासारखी मालकीण तिच्यावर जीभ घासत राही आणि सुरीला धार चढत जाई, पाटा तसाच. एकदा, सून तापाने पडली होती तेव्हा, मालकीण तिच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली होती. पडद्यावर आवारातलं चित्र होतं, आणि चित्रातल्या प्रत्येक वस्तूभोवती रंगीत चौकट. टायर, पत्रा, पाना, मांजर. आणि फाटकाशी उभी एक बाई, तिच्याभोवतीही चौकट. सुनेने यंत्राला मालकीण दाखवून ठेवली होती. ही दिसली की थांबायचं. तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण दोन दिवस तिचं मन त्या चौकटीत अडकून राहिलं होतं.

"वेळ संपत आली," शेजारची बाई म्हणाली, या खेपेला अगदी हळू, आणि त्यात खवचटपणा नव्हता. त्यामुळे मालकिणीला जास्तच भीती वाटली.

उठावं आणि ओरडावं, असं तिला वाटलं. दोरी उचलावी, त्या दगडांतून चालत जावं, पायरीवर चढावं, कोरड्या कागदाने ती काच घासावी. किती वेळ लागला असता? डोळ्यात गेलेला पापणीचा केस काढायला लागतो तेवढा. तिचे हात मांडीवर होते, धडधाकट, या वयातही चाक फिरवतील असे, आणि त्या हातांना करण्यासारखं जगात एकच काम होतं, आणि ते काम एवढं समोर, एवढं उघड्यावर होतं की अगदी लहान मुलानेही केलं असतं, पण ते करायला परवानगी नव्हती. ती उठली नाही. भोंग्यावरून काहीतरी सांगितलं गेलं, आकडा, चमूचं जडजंबाल नाव, धन्यवाद. जीपमधल्या साहेबाने लाल बटण दाबलं. उभ्या गाडीचं बटण दाबलं. नियमच असेल. बिनडोकीच्या टपावरचा दिवा विझला, आणि मुलगा झुकला होता तो सरळ झाला.

मग ती उठली. सांगून टाकायचं ठरवलं होतं तिने, ठरवलं म्हणजे पायांनी ठरवलं होतं. मी पुसली, माझ्या हाताने पुसली, यांची चूक नाही, यांना पुन्हा सोडा. सूचनांच्या तंबूच्या दाराशी पिवळ्या जाकिटातला एक साहेब पेनाने कान खाजवत उभा होता. पण तोंड उघडल्यावर तिच्या जन्माच्या सवयीने तिला वाचवलं की बुडवलं कोण जाणे, तिने सरळ विचारलं नाही.

"अहो साहेब, त्या कुंपणात गेलेल्या गाडीचं विचारते. समजा, तपासणी झाल्यावर कुणी तिची काच पुसली असेल, घरच्याच माणसाने, चांगल्या मनाने, तर पुन्हा सोडता का हो गाडी?"

साहेबाचं पेन कानातून बाहेर आलं. "पुन्हा? मावशी, तपासणीनंतर बोट लागलं तरी अख्खा चमू बाद. यंदा बाद, पुढे कधी नाव घालता येत नाही. लबाडी करतात लोक. पुसतो म्हणून सांगतात आणि काहीतरी बसवतात. कुणी पुसली? बघितलंत तुम्ही?"

"छे हो. मला या वयात काय दिसतंय."

"दिसलं असेल तर सांगा. नाव गुप्त ठेवू."

"मी आपलं विचारलं," मालकीण म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, साहेबापासून लांबच्या.

पानाने ट्रकने ओढत बिनडोकीला आणलं तेव्हा मालकीण आपल्या चमूच्या तंबूत जाऊन एका खोक्यावर बसली होती. तंबूत कापड तापल्याचा वास होता. सुनेने गाडीतून काहीतरी काढून कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावर बिनडोकीने बघितलेलं सगळं पुन्हा चालू लागलं. दगड, खड्डा, चौकटी, दगड. मालकिणीला वाटलं, नवऱ्याच्या शेजारीच बसली आहे. मग वाट वळली आणि चित्र पांढरं झालं. "हे बघ," मुलगा म्हणाला, "हे. ऊन आहे, बस्स. ऊन! साधं ऊन कळलं नाही तुझ्या डोळ्याला. वर्षभर काय केलंस तू?" सुनेने चित्र मागे नेलं, पुढे नेलं, थांबवलं. पांढऱ्यात काहीतरी होतं. मालकिणीला खोक्यावरूनही दिसलं, फिकट कमानी, एकात एक, डावीकडून उजवीकडे आणि शेवटाला खाली एक हिसका. सून त्या कमानींकडे बघत राहिली. तंबूत माशी गुणगुणत होती. मग तिने मान वळवली आणि सासूकडे बघितलं, रागाने नाही, आश्चर्याने नाही. दार वाजल्यावर कोण आहे ते आतूनच कळावं तसं. आणि तिने कॉम्प्युटरचं झाकण मिटलं.

"माझंच चुकलं," ती नवऱ्याला म्हणाली. "उन्हाचा अंदाज कमी पडला."

"अरे, ऐक," मालकीण खोक्यावरून उठत म्हणाली, "ते काय झालं—"

"आई, तुम्ही माझ्याबरोबर चला. हात धुवायचे आहेत मला."

या घरात असा आवाज मालकिणीशिवाय दुसऱ्या कुणाला नव्हता. ती गेली. तंबूमागे पाण्याची टाकी होती, तोटी गळत होती. सुनेने तोटी सोडली आणि हात न धुता तशीच धरून उभी राहिली.

"तुला कसं कळलं?" मालकिणीने विचारलं.

"घरातल्या सगळ्या काचांवर तुमचा हात आहे. खिडक्यांवर, फडताळावर. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. शेवटी खाली हिसका देता."

"धूळ बसली होती गं. इतकी धूळ बसली होती."

"धूळ चालली असती, आई. धुळीचं मी शिकवलं होतं तिला."

मालकिणीने पिशवीतलं फडकं आणखी खाली दाबलं. तोटीखालची माती काळी होत चालली होती. ती म्हणाली, "मी साहेबाला नाही सांगत. नियम विचारून आले आहे मी. पण पोराला सांगते. घरातल्या घरात."

"त्याला?" सून पहिल्यांदा हसल्यासारखी झाली. "तो आत्ता साहेबांकडे जाऊन टेबलावर हात आपटेल, माझ्या आईने पुसली, आमची चूक नाही, पुन्हा सोडा. त्याच्या पोटात काही राहतं का? तुमचाच मुलगा आहे. आज नाही तर उद्या बोलेल, रागात बोलेल, पुढच्या वर्षी कुणाशी तरी भांडताना बोलेल. मग बिनडोकी कायमची आवारात. तो जगेल का त्यानंतर?"

"आणि तुझं काम? तो काढून घेईल तुझ्याकडून."

"घेऊ दे. गाडी तरी पळेल." तिने तोटी बंद केली. "तुम्ही फक्त बोलू नका. एवढं करा."

जन्मभर लोकांनी मालकिणीकडे खूप काही मागितलं होतं. उचल मागितली, सुट्टी मागितली, माफी मागितली. बोलू नका, असं कुणी मागितलं नव्हतं, कारण ते मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती हो म्हणाली नाही. मान हलली असेल.

परतीच्या वाटेवर पाना ट्रक चालवत होता. मागे दोरखंडांनी बांधलेली बिनडोकी हेलकावत होती, खिळखिळ आवाज करत. केबिनमध्ये मालकीण मधे बसली होती, सून खिडकीशी, आणि मुलगा मागच्या फळीवर, त्या दोघींच्या मानांच्या मधे तोंड आणून. तो बोलत होता. बराच वेळ बोलत होता. डोळ्याचं काम उद्यापासून दुसरा बघेल, एक जण आहे, चांगला शिकलेला, विचारून ठेवलं आहे. मी आधीच सांगितलं होतं. दया दाखवली हेच चुकलं. त्याचे शब्द मालकिणीच्या कानाशी गरम वाफेसारखे येत होते आणि ऐकता ऐकता तिला जाणवलं की हे शब्द तिला परके नाहीत. त्यांचा चढ, त्यांचा उतार, शेवटच्या शब्दाला दिलेला हिसका, हे सगळं तिच्या घशातून गेलेलं आहे. सून बाहेर बघत होती. बाहेर खांब जात होते, भिंती जात होत्या, बंद दुकानांचे पत्रे. तिच्या मानेवर एक शीर उडत होती, अगदी बारीक. मालकिणीला त्या शिरेवर हात ठेवावासा वाटला. हात पिशवीवर होता, तिथेच राहिला.

"आई, तू का गप्प?" मुलगा म्हणाला. "गेल्या वर्षी तूच म्हणाली होतीस, देऊन टाक. बोल ना आता."

पाना आरशातून बघत होता. मालकिणीने ओठ ओले केले. फडक्याबद्दल बोलायचं नव्हतं. पण एवढं तरी बोलता येईल, असं तिला वाटलं, याला तर कुठला नियम आड येत नाही.

"तिचं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

पानाच्या नाकातून हसू फुटलं, आणि मागून मुलगाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

"घे," तो बायकोच्या खांद्यावर टिचकी मारत म्हणाला, "मिळालं प्रशस्तिपत्रक."

"मी खरं बोलते आहे," मालकीण म्हणाली. "हिच्यासारखा डोळा कुणाचा नाही. त्या सगळ्या मैदानात नव्हता."

"अहो मालकीण," पाना स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "जाऊ द्या हो. आधीच मेलेली आहे ती बिचारी."

तिने पुन्हा सुरुवात केली. आवाज खाली आणून बघितला, तर तो जास्तच धारदार लागला. सावकाश बोलून बघितलं, तर प्रत्येक शब्द वेचून मारल्यासारखा झाला. कौतुकाचे शब्द तिने आजवर वापरले होते ते टोचायलाच, आणि आता ते सगळे बोथट करून हवे होते, तर घशात दुसरा आवाजच नव्हता. तिने शोधला. पार नवरा होता तिथपर्यंत मागे जाऊन शोधला. त्याच्याशी तरी ती कधी तशी बोलली होती का? "अरे, मी थट्टा नाही करत," ती म्हणाली, आणि मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"पुरे, आई," सून खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

"बघ," मुलगा डोळे पुसत म्हणाला. "लागलं तिला."